लायडनमधली एक दुपार

साल १९७५च्या आसपासचं. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात तुम्ही ऑपरेशन टेबलापाशी उभे आहात. प्रोस्टेटचा कर्करोग आहे, ग्रंथी समूळ काढायची आहे. तिच्यावरच्या शिरांचं जाळं फाटतं आणि बघता बघता सगळं रक्तात बुडतं. सर्जन डोळ्यांपेक्षा बोटांच्या भरवशावर पुढे जातात. रुग्ण वाचेल, पण लैंगिक क्षमता जवळजवळ नक्कीच जाणार, आणि कित्येकांचा लघवीवरचा ताबाही जातो. जीव वाचला ना, मग एवढं सोसायचं, अशीच तेव्हाची समजूत.

इथले सर्जन पॅट्रिक वॉल्श मात्र आधी त्या शिरांचा माग काढतात. त्या कशा बांधायच्या हे कळलं, तसं रक्त आटोक्यात आलं आणि आत काय आहे ते प्रथमच नीट दिसू लागलं.

आता चला, नेदरलँड्समधल्या लायडनला. १३ फेब्रुवारी १९८१. निवृत्त प्राध्यापक पीटर डोंकर मृत जन्मलेल्या अर्भकाचं विच्छेदन करताहेत. प्रौढाच्या देहात चरबीत हरवणारे मज्जातंतू इथे स्वच्छ दिसतात. डोंकर मूत्राशयाकडे जाणारे तंतू शोधत होते. पाहुणे म्हणून शेजारी बसलेले वॉल्श विचारतात, लिंगाकडे जाणारे कुठे आहेत? डोंकरांनी ते कधी पाहिलेलेच नाहीत. मग दोघं मिळून शोधतात. काही तासांनी उत्तर समोर येतं: ते तंतू ग्रंथीत शिरतच नाहीत, तिच्या आवरणाबाहेरून, कडेकडेने जातात. म्हणजे ग्रंथी काढूनही ते वाचवता येतील! आजवर ते कापले जात होते ते केवळ ठाऊक नव्हते म्हणून. योगायोग असा, की त्या दिवशी वॉल्श यांचा वाढदिवस होता. २६ एप्रिल १९८२ रोजी त्यांनी हे तंतू जाणीवपूर्वक वाचवून पहिली शस्त्रक्रिया केली.

शस्त्रक्रियेतला यंत्रमानव, म्हणजे रोबो, बराच नंतरचा. २००१, डेट्रॉइट, हेन्री फोर्ड रुग्णालय. भारतात जन्मलेले, हॉपकिन्समध्येच घडलेले मणी मेनन रुग्णापासून दूर, रोबो चालवण्याच्या कन्सोलपाशी बसले आहेत. रोबो स्वतःहून काहीच करत नाही. मेनन यांच्या बोटांची हालचाल त्याचे हात पोटात बारीक करून उतरवतात, कंप गाळून. पडद्यावर त्रिमितीय चित्र, कितीतरी पट मोठं. पोटात भरलेल्या वायूच्या दाबाने शिरांतून होणारा रक्तस्राव कमी होतो. मात्र ऊतीचा स्पर्श हाताला कळत नाही, सगळी मदार डोळ्यांवर.

मग गुंतागुंत किती घटली? २०१६ साली ब्रिस्बेनमधल्या, दोन्ही पद्धतींची तुलना करणाऱ्या चाचणीचे निष्कर्ष आले. ३०८ पुरुष. उघड्या, म्हणजे पोट कापून केलेल्या शस्त्रक्रियेत सरासरी १३३८ मिलिलिटर रक्त गेलं, रोबोने ४४४. पण बारा आठवड्यांनंतर लघवीवरचा ताबा आणि लैंगिक क्षमता यांत दोन्ही गटांत लक्षणीय फरक नव्हता. उघडी शस्त्रक्रिया करणाऱ्या सर्जनच्या हाताखालून दीड हजारांहून अधिक रुग्ण गेले होते. रोबो चालवणाऱ्या सर्जनने रोबोवर सुमारे दोनशे शस्त्रक्रिया केल्या होत्या. माझ्या मते या चाचणीतली सर्वांत बोलकी गोष्ट हीच: यंत्र वेगळं, पण दोन्हीकडचे हात आधीच सरावलेले. नवखा सर्जन रोबोपाशी बसला तरी नवखाच राहतो.

तेव्हा आता वर्तमानात या. वडिलांची फाइल घेऊन तुम्ही यूरोलॉजिस्टसमोर बसला असाल, तर यंत्र कोणतं हे नंतर विचारा. आधी विचारा: डॉक्टर, तुम्ही स्वतः अशा किती केल्यात, आणि वर्षभरानंतर तुमच्या किती पेशंटना पॅड लागत नाही?