चिलटाच्या पंखाखाली

महाबळेश्वर म्हटलं की आपल्याला स्ट्रॉबेरी आठवते, आर्थर सीट आठवतं आणि दुसऱ्या दिवशी दुखणाऱ्या पोटऱ्या आठवतात. जीवशास्त्रज्ञांना मात्र आठवतो तो ‘महाबळेश्वर सेमिनार’. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या मंडळींनी तो सुरू केला. पुढे तो इतर गावी भरू लागला, तरी नाव तेच राहिलं.

या मंडळींचे म्होरके ओबेद सिद्दिकी. होमी भाभांच्या बोलावण्यावरून ते १९६२ साली मुंबईला आले. त्याच्या आदल्याच वर्षी, १९६१ साली, अलेक्झांडर मॉरो यांना बेडकाच्या स्नायूत एक गंमत दिसली होती. स्नायुतंतूला अगदी खेटून, त्याच्याच आवरणाखाली, छोट्या पेशी दडून बसलेल्या! एरवी त्या झोपून असतात. तंतूला जबर इजा झाली की जाग्या होतात, वाढतात आणि नवा स्नायू भरून काढतात. ‘ड्यूशेन’ नावाच्या आजारात मुलांचे स्नायू सारखे फाटत राहतात आणि या पेशींचं डागडुजीचं काम अपुरं पडतं.

सिद्दिकींचे एक विद्यार्थी के. विजयराघवन. मूळचे कानपूर आयआयटीचे केमिकल इंजिनिअर! पीएच.डी. आणि अमेरिकेतला मुक्काम आटोपून ते १९८८ साली टाटा संस्थेत रुजू झाले. त्यांनी हाती घेतली फळमाशी, म्हणजे पिकल्या केळ्यांवर घोंघावणारं आपलं चिलट. अळीची माशी होताना तिचे बहुतेक स्नायू विरघळून जातात, पण छातीतले तीन मात्र तगतात. त्यांचेच उभे दोन-दोन भाग होऊन उडण्याचे सहा स्नायू घडतात. जॉयस फर्नांडिस आणि मायकेल बेट यांच्यासह त्यांनी हे १९९१ साली दाखवलं.

स्नायू घडतो कसा हे कळलं. पण पूर्ण वाढलेल्या माशीचा स्नायू दुखावला, तर तो सांधणारं कुणी आहे का? तशा पेशी तिथे कुणाला सापडत नव्हत्या. मीही साताऱ्याला प्राणिशास्त्र शिकवताना ‘माशीत त्या नसतात’ असं वर्षानुवर्षं ठासून सांगितलं. ‘सापडल्या नाहीत’ एवढंच म्हणायला हवं होतं.

विजयराघवन पुढे बंगळुरूच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रात गेले, संचालक झाले, २०१३ पासून दिल्लीत जैवतंत्रज्ञान विभागाचे सचिव झाले. फायली चालू, माशीही चालू! २०१७ साली धनंजय चतुर्वेदी आणि सहकाऱ्यांसह त्यांचा शोधनिबंध आला. माशीच्या पंखांच्या स्नायूला बारीक सुई टोचली, तेव्हा त्यालाच बिलगून बसलेल्या मूलपेशी जाग्या होऊन विभागू लागल्या. म्हणजे बेडकात, तुमच्या-आमच्यात आहे तीच युक्ती चिलटातही आहे. चिलटांवरचे प्रयोग झटपट होतात, त्यामुळे या पेशींना कोण उठवतं आणि कोण निजवतं, हे आता तिथेही तपासता येतं.

परवा मेढ्याच्या स्टँडवर एक जुना विद्यार्थी भेटला. त्याला थांबवून मी माझी चूक दुरुस्त करून सांगितली. त्यानं मन लावून ऐकलं आणि म्हणाला, “सर, माझं आता कापडाचं दुकान आहे.”