कथेंतली स्त्री आणि करवीरांतली स्त्री

मराठी कादंबरीचा इतिहास सांगतांना लेखकांचीं नांवें, पुस्तकांचीं सालें आणि भाषेचें वळण यांचा विचार पुष्कळ झाला आहे. त्या कादंबऱ्यांतून वावरणाऱ्या स्त्रियांना बोलावयास किती सांपडलें, आणि त्यांच्या बोलण्याचा शेवट कोणाच्या हातीं होता, हा विचार त्या मानानें थोडा झाला. वास्तविक या एका प्रश्नाच्या धाग्यानें मराठी स्त्रीच्या स्थितीचा सारा इतिहास ओंवतां येतो. आणि त्या इतिहासांतलीं कांहीं पानें करवीर नगरींत लिहिलीं गेलीं आहेत.

आरंभ मात्र कोल्हापुरापासून दूर, वऱ्हाडांत झाला. इ. स. १८८१ मध्यें सुरतेस विजयालक्ष्मी नांवाच्या एका ब्राह्मण विधवेवर आपल्या नवजात अर्भकाच्या हत्येचा खटला चालला. तिला प्रथम फांशीची शिक्षा सांगण्यांत आली; अपिलांत ती कमी झाली. या निमित्तानें कांहीं वर्तमानपत्रांनीं अवघ्या स्त्रीजातीला दोषी धरलें. त्यास उत्तर म्हणून बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनीं १८८२ सालीं ‘स्त्रीपुरुषतुलना’ हें लहानसें पुस्तक छापविलें. जे दुर्गुण स्त्रियांच्या माथीं मारले जातात ते पुरुषांत नाहींत काय, हा त्यांचा रोकडा सवाल होता. परंतु त्या एवढ्यावर थांबल्या नाहींत. ‘मुक्तामाला’ कादंबरी, ‘मनोरमा’ नाटक, ‘स्त्रीचरित्र’ अशीं त्या काळीं घरोघर वाचलीं जाणारीं पुस्तकें त्यांनीं हातीं घेतलीं आणि त्यांत स्त्रीचें जें चित्र रंगविलें आहे तें खरें कीं खोटें, याची झडती घेतली. स्त्रीनें ग्रंथांतील स्त्रीची अशी उलटतपासणी करावी, हें मराठींत नवीनच होतें. महात्मा फुले यांनीं १८८५ सालीं ‘सत्सार’मध्यें ताराबाईंची बाजू उचलून धरली. तरीहि त्यानंतर पुस्तक विस्मृतींत गेलें. स. गं. मालशे यांनीं तें शोधून पुन्हा प्रसिद्ध केलें तेव्हां १९७५ साल उजाडलें होतें.

कादंबरीनें स्त्रीच्या दुःखाकडे लक्ष दिलें नव्हतें, असें मात्र नव्हे. १८५७ मध्येंच बाबा पदमनजींनीं ‘यमुनापर्यटन’ लिहून हिंदु विधवांची दैना पुढें मांडली होती. १८९० पासून ‘करमणूक’ पत्रांतून हरि नारायण आपटे यांची ‘पण लक्षांत कोण घेतो?’ क्रमशः येऊं लागली, आणि यमू स्वतःच्या तोंडानें आपली कहाणी सांगूं लागली. बालपण, लग्न, वैधव्य, केशवपन हें सारें वाचून घराघरांतून डोळे ओले झाले. हरिभाऊंचे उपकार मोठे आहेत. तथापि यमू सांगते, सोसते आणि संपते. ती भांडत नाहीं. वाचकाजवळ ती करुणा मागते, हक्क मागत नाहीं.

हक्काची भाषा बोलणारी नायिका पुढें ज्या लेखणींतून उतरली, त्या लेखणीचा कोल्हापुराशीं निकट संबंध आहे. राजाराम कॉलेजांतील प्राध्यापक विष्णु गोविंद विजापूरकर यांच्या राष्ट्रीय शिक्षणाच्या कार्यांत तरुण वामन मल्हार जोशी सामील झाले आणि कोल्हापुरांतून निघणाऱ्या ‘विश्ववृत्त’ मासिकाचें काम पाहूं लागले. १९०८ सालीं त्या मासिकांतील वैदिक प्रार्थनांवरील एका लेखाबद्दल राजद्रोहाचा खटला होऊन दोघांनाहि तुरुंगांत जावें लागलें. सुटून आल्यानंतर वामनरावांनीं ‘रागिणी अथवा काव्यशास्त्रविनोद’ ही कादंबरी लिहिली. हींत पात्रें फार बोलतात, वाद घालतात, अशी टीका पुष्कळांनीं केली. परंतु त्या वादांत उत्तरेसारखी तरुणी सुशिक्षित पुरुषांच्या बरोबरीनें बसून स्त्रीच्या स्वातंत्र्याचा पक्ष मांडते, आणि तिला कोणी गप्प बसवीत नाहीं, हेंच त्या कादंबरीचें नवेपण होतें. तथापि ग्रंथाला नांव मिळालें आहे तें रागिणीचें, आणि रागिणीचें मन पातिव्रत्याच्या आदर्शाशीं बांधलेलें आहे. लेखकानें वादाचें बळ एकीला दिलें आणि पूज्यत्व दुसरीला. पुढें ‘सुशीलेचा देव’मध्यें हें अंतर त्यांनीं पुष्कळ कमी केलें, तेथें नायिकेची देवाविषयींची कल्पनाच तिच्या स्वतःच्या विचारानें बदलत जाते.

पण वाद घालावयास आधीं अक्षरओळख लागते. उत्तरा पुस्तकांत बोलत असतांना तिच्यासारख्या मुली प्रत्यक्षांत कोठून येणार, या प्रश्नाचें उत्तर त्याच शहरांत, पण निराळ्या गोटांत शोधलें जात होतें. शाहू छत्रपती आणि विजापूरकरांची मंडळी यांचें राजकारणांत व सामाजिक प्रश्नांत मुळींच जमत नव्हतें. असें असूनहि स्त्रीच्या प्रश्नावर एका गोटानें कादंबरीकार दिला आणि दुसऱ्यानें शाळा व कायदे दिले. मिस लिटल यांच्या मागून रखमाबाई केळवकर यांजकडे संस्थानांतील स्त्रीशिक्षणाची देखरेख आली. त्यांच्या कन्या कृष्णाबाई वैद्यकी शिकून कोल्हापुरांत डॉक्टर झाल्या. १९१७ सालीं प्राथमिक शिक्षण सक्तीचें व मोफत करण्यांत आलें आणि विधवांच्या पुनर्विवाहाच्या नोंदणीचा कायदा झाला. १९१९ सालीं स्त्रियांना क्रूरपणें वागविणाऱ्यास शिक्षा सांगणारा आणि काडीमोडीचे नियम घालून देणारा असे दोन कायदे आले. सासुरवासाची जी कथा कादंबरीनें कारुण्यासाठीं सांगितली होती, ती येथें प्रथमच दंडास पात्र असा गुन्हा ठरली.

याच काळांतला एक प्रसंग तर हरिभाऊंच्या यमूशेजारीं ठेवून पाहण्यासारखा आहे. १२ जून १९१८ रोजीं महाराजांचे धाकटे चिरंजीव शिवाजी शिकारीच्या वेळीं अपघातानें वारले. त्यांच्या पत्नी इंदुमतीदेवी यांना तेव्हां बारावें वर्षहि पुरें झालेलें नव्हतें. राजवाड्याच्या रिवाजाप्रमाणें उरलेला जन्म पडद्याआड जावयाचा. महाराजांनीं तसें न करतां सोनतळी येथें त्यांच्या अभ्यासाची व्यवस्था लाविली. महाराज १९२२ सालीं निवर्तले, पण अभ्यास थांबला नाहीं. १९२५ सालीं इंदुमतीदेवी मॅट्रिक झाल्या. यमूला जें कोणीच दिलें नाहीं तें येथें एका विधवेस मिळालें. तरी एवढें ध्यानांत ठेविलें पाहिजे कीं, तें मिळालें तें सासऱ्याच्या थोरपणामुळें. उत्तरेची वाणी जशी वामनरावांची देणगी, तसा हा विद्याभ्यासहि एका पुरुषाचीच देणगी होती. देणारा हात निराळा असता, तर?

त्या शंकेचें उत्तर १९३३ सालीं मिळालें. ‘कळ्यांचे निःश्वास’ हा कथासंग्रह ‘विभावरी शिरूरकर’ या टोपण नांवानें निघाला. शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या, लग्न लांबलेल्या मुलींचीं मनें त्यांत उघडीं केलीं होतीं, आणि महाराष्ट्रांत एकच गहजब उडाला. लेखिका होत्या बाळूताई खरे, पुढील काळच्या मालतीबाई बेडेकर. ज्या कर्वे महिला विद्यापीठांत वामन मल्हार शिकवीत, त्याच विद्यापीठाच्या त्या पदवीधर. ताराबाईंनीं वऱ्हाडासारख्या प्रांतांतून स्वतःच्या नांवानें लिहिलें, आणि एकावन्न वर्षांनीं पदवी घेतलेल्या स्त्रीला मात्र नांव झांकावें लागलें, यावरून समाजाची प्रगति सरळ रेषेनें होत नाहीं, हें उघड आहे. मात्र या वेळीं पुस्तक हरवलें नाहीं. तें वाचावयास, त्यावर भांडावयास आणि तें कपाटांत जपून ठेवावयास शिकलेल्या स्त्रियांची एक पिढी तयार होती. १९८१ सालीं मुंबईस समांतर साहित्य संमेलन भरलें, तेव्हां त्याचें अध्यक्षपद याच मालतीबाईंकडे आलें.

ताराबाईंच्या पुस्तकास तसे वाचक मिळाले नाहींत, म्हणून तें त्र्याण्णव वर्षें अंधारांत राहिलें. त्या काळांत किती मुलींना तें हातीं लागलें असतें, तर आपण एकट्या नाहीं असें वाटलें असतें! लेखिकेनें लिहावें हें जितकें आवश्यक, तितकेंच तिचें पुस्तक घरांत असावें, लेकीसुनांनीं तें वाचावें आणि पुढच्या पिढीच्या हातीं द्यावें, हेंहि आवश्यक आहे. हें दुसरें काम राजाच्या कायद्यानें होत नाहीं. तें ज्याच्या त्याच्या घरींच व्हावें लागतें.