रिकामी जागा विकायची कशी? दहा लाख पिक्सेल आणि एका सेंटचा पेपर

आजचा विषय एका मेलवरून सुचला. आपला पॉडकास्ट सुरू होऊन जेमतेम वर्ष होतंय आणि गेल्या महिन्यात आपल्याला पहिल्यांदाच जाहिरातीची ऑफर आली. झटपट कर्ज देणारं एक अ‍ॅप. तीन एपिसोड, पंधरा हजार रुपये. अट एवढीच की ही जाहिरात आहे असं म्हणायचं नाही. बोलता बोलता, सहज आठवल्यासारखं, "मी पण हेच वापरतो" असं सांगायचं.

उत्तर काय दिलं ते शेवटी सांगतो. पण उत्तर द्यायच्या आधी मी दोन जुन्या गोष्टी पुन्हा काढून वाचल्या. दोन्हींमध्ये विशीतला एक पोरगा आहे आणि त्याच्याकडे विकायला फक्त रिकामी जागा आहे. तीही अशी, जी अजून कोणी बघतच नाही.

पहिली गोष्ट २००५ सालची, इंग्लंडमधली. अ‍ॅलेक्स ट्यू, वय २१. नॉटिंगहॅम विद्यापीठात बिझनेस मॅनेजमेंट शिकायला जाणार होता आणि शिक्षणाच्या कर्जाची धास्ती होती. त्यानं एक वेबसाइट काढली, 'मिलियन डॉलर होमपेज'. कल्पना अगदी सरळ: १००० गुणिले १००० पिक्सेलचं एक पान, म्हणजे एकूण दहा लाख पिक्सेल. एका पिक्सेलचा भाव एक डॉलर. एकटा पिक्सेल डोळ्याला दिसणारच नाही, म्हणून कमीत कमी १० गुणिले १० चा तुकडा घ्यायचा, शंभर डॉलरला. तिथे तुमचं चित्र आणि तुमच्या साइटची लिंक.

आजच्या फोनच्या स्क्रीनवर खरे पिक्सेल मोजले तर हा शंभर डॉलरचा तुकडा मोहरीच्या दाण्याएवढाही भरणार नाही. तो कोण विकत घेणार?

२६ ऑगस्ट २००५ ला साइट सुरू झाली. पहिले तीन दिवस काही नाही. मग ४०० पिक्सेल विकले गेले, घेणारा त्याच्याच मित्राची म्युझिक साइट. दोन आठवड्यांत ४,७०० पिक्सेल गेले, तेही घरच्यांना आणि मित्रांना. म्हणजे आपल्याकडे नवं दुकान टाकल्यावर पहिली बोहनी मामा-काका करतात ना, तसंच. पण त्या पैशातून ट्यूनं प्रेस रिलीज काढलं, बीबीसीनं बातमी केली आणि मग रांग लागली. शेवटचे १,००० पिक्सेल त्यानं जानेवारी २००६ मध्ये ईबेवर लिलावात काढले आणि ते ३८,१०० डॉलरला गेले. एकूण जमा १०,३७,१०० डॉलर. त्याच दिवसांत हॅकर्सनी खंडणी मागितली, त्यानं दिली नाही, तर त्यांनी साइट काही दिवस बंद पाडली. कॉलेज त्यानं सोडलं. पुढे २०१२ मध्ये 'काम' हे मेडिटेशनचं अ‍ॅप काढणाऱ्या दोघांपैकी एक म्हणजे हाच ट्यू.

आता जरा थांबून बघा, त्यानं नक्की काय विकलं? पानावर वाचायला काहीच नव्हतं. लोक बातमी वाचून 'हे काय नवीन' म्हणून बघायला येत होते, आणि ते येतायत म्हणून जाहिरातदार येत होते. असं कुतूहल एकदाच चालतं. त्याच्या मागून ढीगभर नकला निघाल्या, पण तसा पैसा कोणाला मिळाला नाही. खुद्द ट्यूनं २००६ च्या अखेरीस दुसरा प्रयोग केला, त्यातही दुसरे दहा लाख काही आले नाहीत. २०१७ मध्ये हार्वर्डच्या लोकांनी त्या पानावरच्या २,८१६ लिंक तपासल्या. त्यातल्या ५४७ पूर्ण मेलेल्या होत्या आणि ४८९ भलत्याच पत्त्यावर जात होत्या. पान अजून आहे, पण रोज उठून तिथे जावं असं कारण कोणालाच नाही.

दुसरी गोष्ट त्याच्या १७२ वर्षं आधीची. साल १८३३, न्यूयॉर्क. अंदाज यावा म्हणून सांगतो, आदल्याच वर्षी मुंबईत बाळशास्त्री जांभेकरांनी 'दर्पण' सुरू केलं होतं. न्यूयॉर्कमध्ये बेंजामिन डे नावाचा २३ वर्षांचा मुद्रक होता. छपाईचा धंदा मंदावलेला. तेव्हा तिथले मोठे पेपर सहा सेंटला मिळायचे, व्यापाऱ्यांसाठी निघायचे आणि सामान्य माणसाला परवडायचे नाहीत. डेनं ३ सप्टेंबर १८३३ ला 'द सन' काढला, चार पानांचा, किंमत एक सेंट.

पण पहिल्या अंकाला जाहिरात देणार कोण? डेनं काय केलं, दुसऱ्या पेपरांत आलेल्या जाहिराती उचलल्या आणि आपल्या पेपरात फुकट छापल्या! बघणाऱ्याला वाटावं की अरे, या पोराकडे गिऱ्हाईक आहे. ट्यूला निदान मित्र तरी होते, यानं गिऱ्हाईकच उसनं आणलं.

इथून पुढे मात्र दोघांचे रस्ते वेगळे होतात. डेनं पोरांकरवी रस्त्यावर पेपर विकला. पोलीस कोर्टात रोज जे खटले चालायचे, त्यांच्या बातम्या लिहायला माणूस ठेवला. दारू पिऊन मारामारी, नवरा-बायकोची भांडणं, किरकोळ चोऱ्या. साध्या माणसाला स्वतःच्या गल्लीतलं काहीतरी रोज वाचायला मिळू लागलं. वाचक परत परत येऊ लागला आणि मग खऱ्या जाहिराती आल्या. एका सेंटमध्ये पेपर निघत नाही, खरा पैसा जाहिरातदार देतो, हे गणित तिथे जमलं. आज आपण जे 'फुकट' ऐकतो-बघतो, त्यामागे हेच गणित आहे.

म्हणून डेला संत समजू नका हं. १८३५ च्या ऑगस्टमध्ये त्याच्या पेपरानं छापलं की जॉन हर्शेल या शास्त्रज्ञाला दुर्बिणीतून चंद्रावर वटवाघळासारखे पंख असलेली माणसं दिसली. हर्शेल तेव्हा खरोखरच दक्षिण आफ्रिकेत दुर्बीण घेऊन बसला होता, बाकी सगळी थाप. पेपरानं आपला खप १९ हजारांवर गेल्याचा दावा केला. आणि थाप मारून पेपर बुडाला का? नाही. तो १९५० पर्यंत चालला.

मी इथेच अडकलो होतो. खोटं बोलून नुकसान होतंच असं जर इतिहास सांगत नसेल, तर मग पंधरा हजार का सोडायचे?

विचार करता करता फरक लक्षात आला. चंद्राच्या थापेत वाचकाचा गेला फक्त एक सेंट, वर महिनाभर गप्पांना विषय मिळाला. आपल्या बाबतीत "मी पण हेच वापरतो" ऐकून कोणी, समजा दुसऱ्या वर्षाला असलेला एखादा पोरगा, आठ हजारांचं कर्ज काढेल. व्याज तो भरेल, वसुलीचे फोन त्याच्या घरी जातील. डेनं वाचकाला थाप विकली, इथे तर ऐकणारालाच विकायचं होतं. शिवाय आपल्याकडे भारतीय जाहिरात मानक परिषदेनं २०२१ पासून सांगून ठेवलंय की सोशल मीडियावर पैसे घेऊन काही बोललात तर ती जाहिरात आहे हे स्पष्ट दिसलं पाहिजे. त्यांची अट नेमकी याच्या उलटी होती.

म्हणून नाही म्हटलं. खोटं कशाला बोलू, मेल पाठवताना जीवावर आलं होतं. नवा माइक त्यातच आला असता.

पण जाहिरात घ्यायचीच नाही असं काही आमचं व्रत नाही. होस्टिंगचा खर्च आहे, एडिटिंगला रात्री जातात. त्यामुळे पुढच्या एपिसोडला आपली पहिली जाहिरात असेल. माझ्या मित्राच्या बहिणीचा घरगुती मसाल्यांचा व्यवसाय आहे, तिची. पाचशे रुपये, सुरुवातीला तीस सेकंद, आणि पहिला शब्द असेल "जाहिरात". ट्यूसारखीच आपलीही बोहनी ओळखीतली. तिचा गोडा मसाला मी खाल्लाय, चांगला आहे. आणि हे आत्ता सांगायचे तिनं पैसे दिलेले नाहीत.

तुमच्या ओळखीत कोणाला तीस सेकंद हवे असतील तर कळवा. भेटू पुढच्या रविवारी!