रिकामे खोके, फोटो आणि क्यूआर कोड

अनोळखी माणसाकडून, न पाहिलेला गेम कन्सोल विकत घेण्याची पद्धत ईबेमुळे रुळली. पिएर ओमिद्यार यांनी १९९५ साली सुरू केलेल्या या लिलावाच्या संकेतस्थळावर खरेदीदार आणि विक्रेता समोरासमोर येत नसत. म्हणून पुढच्याच वर्षी दोघांना एकमेकांविषयी अभिप्राय नोंदवण्याची सोय झाली. विक्रेत्याचे आधीचे व्यवहार पाहायचे आणि मगच पैसे पाठवायचे, ही या बाजारातली पहिली खबरदारी.

तिची कसोटी ऑक्टोबर २००० मध्ये लागली. सोनीचा प्लेस्टेशन २ अमेरिकेत आला तेव्हा माल थोडा आणि गिऱ्हाईक उदंड होते. २९९ डॉलरच्या कन्सोलवर लिलावात त्याच्या दुप्पट-तिप्पट बोली लागत होती. या घाईवर टपलेल्या जाहिरातींचा साचा ठरलेला असे. वर कन्सोलचे पूर्ण नाव, खाली त्याची तांत्रिक माहिती अगदी सविस्तर, आणि त्या मजकुराच्या गर्दीत कुठेतरी एक ओळ : विक्रीला आहे ते मूळ खोके आणि पावती. शेकडो डॉलर मोजणाऱ्याच्या घरी रिकामे खोके येई. जाहिरातीत शब्दशः खोटे काही नसल्याने विक्रेता हात वर करी. हा डाव पोरासाठी नाताळची भेट शोधणाऱ्या, गेमिंगमधले फारसे न कळणाऱ्या आईबापांवर सहज चाले, म्हणून तो विशेष निर्दय होता.

नवा कन्सोल आला आणि दुकानांतून संपला की हाच प्रकार नव्या रूपात परतला. २०१३ मध्ये ब्रिटनमधल्या एका तरुणाला ४५० पौंडांत एक्सबॉक्स वनचा केवळ फोटो मिळाला. नोव्हेंबर २०२० मध्ये प्लेस्टेशन ५ च्या फोटोंची अशीच विक्री होऊ लागली, तेव्हा ईबेने तिचा जाहीर निषेध करून तसल्या जाहिराती काढायला घेतल्या.

दुसऱ्या तऱ्हेच्या फसवणुकीत कन्सोल खरोखर हाती पडतो, पण निकामी. एक्सबॉक्स ३६० मध्ये उष्णतेमुळे बिघाड होऊन समोरच्या बटणाभोवती तीन लाल दिवे लागत. जुलै २००७ मध्ये मायक्रोसॉफ्टने या दोषासाठी वॉरंटी तीन वर्षांपर्यंत वाढवली आणि त्यापोटी एक अब्ज डॉलरहून अधिक रक्कम बाजूला काढली. असा कन्सोल टॉवेलात गुंडाळून तापवला की काही काळ पुन्हा चाले. तेवढ्या वेळात त्याचा व्हिडिओ काढून तो चालू म्हणून खपवणे सोपे होते. त्यामुळे पाच मिनिटे चालू करून पाहणे पुरेसे ठरेना. एखादा जड गेम तासभर लावून ठेवावा लागे.

२००९ च्या नोव्हेंबरात आणखी एक अडचण उभी राहिली. पायरेटेड गेम चालावेत म्हणून फेरफार केलेल्या कन्सोलना मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्स लाइव्हवरून कायमचे बाद केले, आणि त्यातले कितीतरी लगोलग विक्रीला आले. दिसायला नवेकोरे, डिस्क टाकली की गेम सुरू. फक्त ऑनलाइन खेळणे बंद. हा दोष कळायचा तर विक्रेत्यासमोरच आपल्या खात्यातून साइन-इन करावे लागते.

भारतात हा बाजार आधी काउंटरवरचा होता. १९९० च्या दशकात घराघरांत पोहोचलेले ‘व्हिडिओ गेम’ बहुतांशी निन्टेंडोच्या फॅमिकॉमच्या नकला होत्या. मुंबईत लॅमिंग्टन रोडसारख्या ठिकाणी घासाघीस चाले, वॉरंटीचे नाव नसे. पण दुकानातल्या टीव्हीला वायर जोडून कन्सोल चालवून बघता येई आणि बिघडला तर त्याच दुकानात जाऊन भांडता येई. ग्राहकाचे ते मोठेच संरक्षण होते.

पुढे हा बाजार इंटरनेटवर आला. २००० साली सुरू झालेले बाझी डॉट कॉम हे लिलावाचे भारतीय संकेतस्थळ ईबेने २००४ मध्ये विकत घेतले. ईबे इंडियाच्या ‘पैसापे’ व्यवस्थेत ग्राहकाची रक्कम मध्येच थांबवून ठेवली जाई आणि माल पोहोचल्यावर विक्रेत्याला मिळे. ओएलएक्स आणि क्विकरवरच्या मोफत जाहिरातींच्या व्यवहारात पैसे धरून ठेवणारा असा मधला कोणी नव्हता. समोरासमोर भेटून, माल बघून रोख द्यायची, या रीतीवर तो चाले.

२०१६ मध्ये यूपीआय आले आणि भेटीआधीच पैसे देणे सोपे झाले. प्लेस्टेशन ५ भारतात २ फेब्रुवारी २०२१ रोजी ४९,९९० रुपयांना आला. त्याआधीच १२ जानेवारीला आगाऊ नोंदणी काही मिनिटांत संपली होती. अशा टंचाईत स्वस्त कन्सोलची जाहिरात मोहात पाडते. जाहिरातदार स्वतःला लष्करी जवान म्हणवतो, गणवेशातला फोटो आणि ओळखपत्र पाठवतो, बदली झाल्याने सामान विकतोय असे सांगतो. पार्सल लष्कराच्या गाडीने येणार म्हणून आधी थोडे भाडे, मग जीएसटी, मग परत मिळणारी अनामत. दर हप्त्याला आधीचे पैसे बुडू नयेत म्हणून माणूस पुढचे भरत जातो. कन्सोल विकणाराही यात सापडतो : ‘पैसे घ्यायला हा कोड स्कॅन करा’ असे सांगून त्याच्याकडून यूपीआय पिन टाकून घेतात, आणि पैसे जमा होण्याऐवजी खात्यातून जातात. पैसे स्वीकारायला पिन लागतच नाही.

तक्रारीसाठी केंद्र सरकारचे सायबर गुन्ह्यांचे पोर्टल आणि १९३० हा क्रमांक आहे. पहिल्या काही तासांत कळवल्यास रक्कम पुढे जाण्याआधी गोठवता येण्याची शक्यता जास्त असते. १ ऑक्टोबर २०२५ पासून व्यक्तीने व्यक्तीकडे यूपीआयवर पैशांची मागणी पाठवण्याची सोयही बंद झाली आहे. क्यूआर कोड स्कॅन करून स्वतः पाठवलेली आगाऊ रक्कम मात्र त्या बंदीच्या कक्षेत येत नाही.