अमेरिकेतली शाळकरी पोरं खरंच चार मिनिटांत मैल पळतात का?

रील्स बघताना एखादा तरी असा व्हिडिओ समोर आला असेल. लाल ट्रॅक, सोळा-सतरा वर्षांचा काटकुळा मुलगा, शेवटचा लॅप, घड्याळात ३:५७, ३:५८ आणि कडेला उभ्या असलेल्या पोरांचा आरडाओरडा. खाली कॉमेंटमध्ये कुणीतरी लिहितं, "आमच्या हायस्कूलमध्ये चार जण ४:२० मारायचे." दुसरा ४:१५ सांगतो. अशा दहा-बारा कॉमेंट वाचल्या की वाटायला लागतं, अमेरिकेतली प्रत्येक शाळा अशा पोरांनी भरलेली आहे.

तसं अजिबात नाही. चार मिनिटांच्या आत मैल पळणारा शाळकरी मुलगा ही साठ वर्षांपूर्वी दुर्मिळ गोष्ट होती आणि आज संख्या वाढली असली तरी दुर्मिळच आहे. ४:२० सुद्धा "कॉमन" नाही. पण नेमकं किती दुर्मिळ, हे समजून घ्यायचं तर आधी खालच्या पायरीपासून सुरुवात करावी लागेल.

एक मैल म्हणजे १६०९.३४ मीटर. चार मिनिटांत तो पूर्ण करायचा तर दर १०० मीटर साधारण १५ सेकंदांत जायला हवेत. १०० मीटर १५ सेकंदांत पळणं धडधाकट पोराला जमतं. पण त्याच वेगानं, मध्ये न थांबता, असे सोळा तुकडे एकापाठोपाठ पळायचे. ताशी २४ किलोमीटरचा वेग झाला हा. जिममधल्या बऱ्याच ट्रेडमिल इतक्या वेगापर्यंत जातच नाहीत.

सर्वसाधारण मुलं किती वेळ घेतात?

अमेरिकेत अनेक वर्षं शाळांमध्ये 'प्रेसिडेन्शियल फिटनेस टेस्ट' व्हायची. पुलअप्स, सिटअप्स आणि त्यात एक मैल धावणंही. तिचे निकष १९८५ साली देशभरातल्या शाळकरी मुलांची जी पाहणी झाली, त्यावरून ठरवलेले होते. त्या तक्त्यानुसार १७ वर्षांच्या मुलांमध्ये बरोब्बर मधला मुलगा मैलाला ७ मिनिटं ४ सेकंद घेत होता. म्हणजे निम्मी मुलं त्याहून हळू. सर्वोच्च बक्षीस मिळवायचं तर पहिल्या १५ टक्क्यांत यावं लागे आणि त्यासाठीची वेळ होती ६:०६. मुलींसाठी हेच आकडे होते १०:२२ आणि ८:१५.

आता हे पण खरं की पीटीच्या तासाला जबरदस्तीनं पळवलेली अर्धी पोरं गप्पा मारत चालतात. तरी अंदाज येतो. शंभरातल्या ८५ मुलांना सहा मिनिटांचा मैलही जमत नव्हता. पाच मिनिटांच्या आत येणारा मुलगा सगळ्या वर्गात नाही, तर सगळ्या शाळेत शोधावा लागतो आणि सापडला तर तो बहुधा ट्रॅक टीममध्येच असतो.

मग ट्रॅक टीममधल्या पोरांचं काय?

अमेरिकेत हायस्कूल म्हणजे नववी ते बारावी, वय साधारण १४ ते १८. देशभरात दीड कोटीहून जास्त मुलं या इयत्तांमध्ये शिकतात. त्यातले साधारण सहा लाख मुलगे आणि पाच लाख मुली दरवर्षी ट्रॅक अँड फील्डमध्ये उतरतात. पण यातले बरेच जण १००-२०० मीटर, उड्या, गोळाफेक यातले असतात. मैल पळणारे त्यातला एक भाग.

शिवाय हे "मैलवाले" बहुतेकदा मैल पळतच नाहीत. १९८० च्या आसपास अमेरिकी शाळा मीटरवर गेल्या. ४०० मीटरच्या ट्रॅकवर चार फेऱ्या म्हणजे १६०० मीटर, मैलाला नऊ मीटर आणि वर थोडं कमी. मोजके अपवाद सोडले तर राज्य स्पर्धांमध्ये हीच शर्यत असते. १६०० च्या वेळेत दीडेक सेकंद मिळवला की मैलाची वेळ मिळते. कुणी "माझा मैल ३:५९" म्हणाला आणि तो १६०० निघाला, तर खरा हिशोब चार मिनिटांच्या पलीकडे जातो. दीड सेकंदाचं काय एवढं, असं वाटेल, पण रेकॉर्डबुकमध्ये नाव येणं न येणं तेवढ्यावरच अवलंबून असतं.

टीममधली उतरंड ढोबळमानानं अशी सांगता येईल. पाच मिनिटांच्या आत येणारा मुलगा साधारण शाळेच्या टीममध्ये उपयोगी खेळाडू. ४:४० म्हणजे आपल्या भागातल्या शर्यतीत त्याची दखल घेतली जाते. ४:३० ला बऱ्याच शाळांमध्ये तो टीमचा सर्वांत वेगवान मुलगा असतो. ४:२० म्हणजे राज्य पातळीची भाषा सुरू झाली. छोट्या राज्यांत किंवा छोट्या शाळांच्या गटात एवढ्यावर पदकही मिळून जातं, कॅलिफोर्निया-टेक्सासमध्ये मात्र गर्दीत हरवायला होतं. आणि ४:१० च्या खाली गेलं की मोठ्या विद्यापीठांचे कोच स्वतःहून फोन करायला लागतात. यात स्कॉलरशिपचा प्रश्न असतो. अमेरिकेत कॉलेजची फी किती असते हे माहीत असेल तर चार-पाच सेकंदांसाठी घरचे सगळे का झटतात, ते कळेल.

कोलोरॅडो, युटासारख्या उंचावरच्या राज्यांत हवा विरळ असल्यानं तिथल्या ४:२० चं वजन समुद्रसपाटीवरच्या ४:२० पेक्षा जास्त.

चार मिनिटांच्या आतले

रॉजर बॅनिस्टरनं ६ मे १९५४ ला ऑक्सफर्डमध्ये ३:५९.४ वेळ दिली आणि माणूस पहिल्यांदा चार मिनिटांच्या आत मैल पळाला. त्यानंतर अवघ्या दहा वर्षांनी, ५ जून १९६४ ला, कॅन्ससच्या विचिटा गावातल्या जिम रायन नावाच्या शाळकरी मुलानं कॅलिफोर्नियात मोठ्यांच्या शर्यतीत ३:५९.० मारले. गंमत म्हणजे तो आठवा आला. त्याच्या पुढचे सातही जण चार मिनिटांच्या आत होते. पुढच्या वर्षी रायननं ३:५५.३ वेळ देत न्यूझीलंडच्या ऑलिंपिक विजेत्या पीटर स्नेललाच हरवलं, आणि १९६६ मध्ये, वयाच्या १९ व्या वर्षी, ३:५१.३ चा विश्वविक्रम केला.

१९६६ मध्ये टिम डॅनियलसन आणि १९६७ मध्ये मार्टी लिकोरी या आणखी दोन शाळकरी मुलांनी चार मिनिटांची रेषा ओलांडली. सगळ्यांना वाटलं आता रांग लागणार. लागली नाही. पुढची ३४ वर्षं एकही नाही! सत्तरचं दशक, ऐंशीचं, नव्वदचं, सगळी कोरडी गेली. २००१ च्या जानेवारीत व्हर्जिनियाच्या अ‍ॅलन वेबनं न्यूयॉर्कच्या इनडोअर ट्रॅकवर ३:५९.८६ मारले, आणि त्याच वर्षी मे महिन्यात ऑरेगॉनमध्ये हिशाम एल गेरुजसारख्या दिग्गजाच्या शर्यतीत ३:५३.४३ वेळ देऊन रायनचा ३६ वर्षांचा विक्रम मोडला. त्यानंतर पुन्हा दहा वर्षं शांतता आणि २०११ मध्ये लुकास वर्झबिकास. म्हणजे १९६४ ते २०१४ या पन्नास वर्षांत पाच. दरवर्षी लाखो मुलं ट्रॅकवर येत असताना पाच.

मग अचानक दार उघडलं. २०१५ मध्ये मॅथ्यू मेटन आणि ग्रँट फिशर, दोघांनीही अगदी सारखीच वेळ दिली, ३:५९.३८. (यातल्या फिशरनं पुढे २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५००० आणि १०,००० मीटरला कांस्यपदकं घेतली.) २०१५ ते २०२२ या आठ वर्षांत आधीच्या पन्नास वर्षांच्या दुपटीहून जास्त मुलं या यादीत आली. गॅरी मार्टिन, कॉनर बर्न्स आणि कॉलिन साहलमन हे तिघं तर एकट्या २०२२ मधले. त्यानंतरही नावं वाढतच गेली.

मधल्या काळात अमेरिकी पोरांचे पाय बदलले असतील असं नाही. बदललं ते भोवतालचं. कार्बन प्लेट आणि उसळी देणारा फोम असलेले नवे स्पाइक्स साधारण २०२० नंतर शाळकरी मुलांच्या पायात आले. सेंट लुईसच्या 'फेस्टिव्हल ऑफ माइल्स'सारख्या शर्यतींमध्ये मुद्दाम वेगवान मुलं एकत्र आणली जातात आणि पुढे पेसमेकर पळतो. एकट्यानं वारा कापत पळण्यापेक्षा यात कितीतरी फायदा होतो. सरावाचं ज्ञानही आता एखाद्या कोचच्या वहीत बंद नाही. मला विचाराल तर या सगळ्यात स्पर्धेचा वाटा सर्वांत मोठा आहे. आधीच्या पिढीतल्या ४:०३ च्या मुलाला आपल्या जोडीचं कुणी शेजारी मिळतच नव्हतं.

मुलींची गोष्ट वेगळी आहे

मुलींमध्ये पाच मिनिटांची रेषा साधारण मुलांच्या ४:२० च्या तोडीची. तिच्या आत आलेली मुलगी बहुतेक राज्यांत फायनलची दावेदार. वरच्या टोकाला पॉली प्लुमरनं १९८२ मध्ये दिलेली ४:३५.२४ ही वेळ ३६ वर्षं टिकली, ती २०१८ मध्ये केटलिन टूहीनं ४:३३.८७ करून मोडली. त्याआधी २०१३ मध्ये मेरी केननं इनडोअर ट्रॅकवर ४:२८.२५ मारले होते. २०२५ मध्ये युटाच्या जेन हेडेनग्रेननं हा आकडा थेट ४:२३.५० वर आणला.

मेरी केनचं पुढे काय झालं, हेही सांगायला हवं. शाळेतच व्यावसायिक झालेल्या केननं २०१९ मध्ये जाहीरपणे सांगितलं की वजन कमी करण्याच्या सततच्या दबावामुळे तिची पाळी तीन वर्षं बंद झाली आणि हाडं पाच वेळा मोडली. मुलींच्या वेळेची चर्चा करताना हे विसरलं जातं. मुलांचा वेग वयाबरोबर बहुधा वाढतच जातो, मुलींचा शरीर बदलतानाच्या दोन-तीन वर्षांत थांबू शकतो, आणि तेव्हाच घाई सगळ्यात महागात पडते.

कॉमेंटमध्ये सगळेच वेगवान का?

कारण ५:४० वाला कॉमेंट करत नाही. ज्याला सांगण्यासारखं काही आहे, तोच आकडा सांगतो. त्यात कुणाचं जीपीएस घड्याळ मैल वीस मीटर आधीच संपवतं, कुणी मित्राच्या मोबाइलवर वेळ लावलेली असते आणि पंधरा वर्षांपूर्वीच्या वेळा आठवणीत आपोआप कमी होत जातात. अमेरिकेतल्या शालेय स्पर्धांचे निकाल माइलस्प्लिट, अ‍ॅथलेटिक डॉट नेट अशा साइट्सवर खुले असतात. दावा मोठा असेल तर तिथं शोधून बघता येतं.

आपल्याकडे हे अंतर वेगळ्या कारणानं घराघरात माहीत आहे. महाराष्ट्र पोलिस शिपाई भरतीत पुरुषांना धावायचे असतात तेच १६०० मीटर, आणि ५ मिनिटं १० सेकंदांच्या आत आलं की २० पैकी २० गुण. मुलींसाठी ८०० मीटर, २:५० च्या आत. म्हणजे पहाटे चारला उठून गावाबाहेरच्या डांबरी रस्त्यावर सोळाशेचा सराव करणारा जो मुलगा ५:०५ ला पोहोचतो, तो रीलमधल्या पोरापेक्षा मिनिटभर मागे असला, तरी १९८५ च्या पाहणीतल्या त्या मधल्या मुलाच्या जवळजवळ दोन मिनिटं पुढे असतो.