काडेपेटीतले विष

आमच्या दादीला गॅसचा लायटर कधी जमला नाही. तिच्या हाताशी शेवटपर्यंत काडेपेटीच असायची. लहानपणी मी तिच्या नकळत एखादी काडी भिंतीवर, फरशीवर घासून पाहायचो. ती पेटायची नाही. पेटायची ती फक्त डबीच्या कडेच्या तपकिरी पट्टीवर. असे का, हे मला पुष्कळ वर्षांनी वाचनातून कळले.

एकोणिसाव्या शतकातली स्वस्त काडी कशावरही पेटत असे, कारण तिच्या गुलात पांढरा फॉस्फरस असे. तो चटकन पेट घेणारा आणि तितकाच जहाल विषारी. कारखान्यात त्याची वाफ किडलेल्या दातावाटे जबड्यात शिरे. आधी दात दुखत, मग हिरड्या सुजत, शेवटी जबड्याचे हाड सडून पू वाहू लागे. अनेकांचा जबडा कापून काढावा लागला. घरातही धोका होताच. लहान मुलाने काड्यांचे गुल चघळले तर त्याचा जीव जाऊ शकत असे.

व्हिएन्नाच्या डॉ. लोरिन्सर यांनी या रोगाची नोंद 1845 मध्येच केली होती. उपायही फार लांब नव्हता. स्वीडनमध्ये पाश यांनी 1844 मध्ये निराळी काडी शोधली: तांबडा फॉस्फरस वापरायचा आणि तोही काडीवर नाही, तर डबीच्या कडेला लावायचा. दादीच्या डबीवरची पट्टी ती हीच. लुंडस्ट्रॉम बंधूंच्या या काड्यांना 1855 मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनात पारितोषिकही मिळाले. पण ही काडी महाग पडे. म्हणून विषारी काडी विकली जात राहिली.

होमरूल चळवळीमुळे आपल्याला ठाऊक असलेल्या ॲनी बेझंट तेव्हा लंडनमध्ये होत्या. ब्रायंट अँड मे या कारखान्यातील मुलींची तुटपुंजी मजुरी आणि क्षुल्लक कारणांसाठी होणारा दंड यांवर त्यांनी जून 1888 मध्ये लेख लिहिला. हा लेख खोटा आहे असे लिहून देण्याचा दबाव मालकांनी आणला, तेव्हा मुलींनी नकार दिला आणि जुलैत सुमारे 1,400 जणी कामावरून बाहेर पडल्या. दोन-तीन आठवड्यांत त्या जिंकल्या. दंड बंद झाले आणि जेवणासाठी वेगळी खोली मिळाली, म्हणजे निदान भाकरीवर तरी फॉस्फरस बसणार नव्हता. पांढरा फॉस्फरस मात्र कारखान्यात तसाच राहिला.

1891 मध्ये मुक्तिफौजेने लंडनमध्ये स्वतःचा कारखाना काढला. तिथे तांबडा फॉस्फरस वापरत आणि मजुरीही जास्त देत. दुकानात गेल्यावर सुरक्षित काडीच मागा, असा प्रचार त्यांनी गिऱ्हाइकांमध्ये केला. मला या इतिहासात ही गोष्ट सर्वांत महत्त्वाची वाटते. मजुराचा जबडा आणि गिऱ्हाइकाचा खिसा यांचा संबंध त्यांनी लोकांसमोर मांडला. 1898 मध्ये रोगाची प्रकरणे लपवल्याबद्दल ब्रायंट अँड मेला न्यायालयाने दंड केला, तोही जेमतेम 25 पौंडांचा. 1901 मध्ये कंपनीने पांढरा फॉस्फरस सोडला. 1906 मध्ये बर्न येथे आंतरराष्ट्रीय करार झाला, ब्रिटनचा बंदी कायदा 1910 पासून लागू झाला आणि 1913 मध्ये हिंदुस्थानातही अशा काड्यांची आयात, निर्मिती आणि विक्री यांवर कायद्याने बंदी आली.

म्हणजे रोगाची नोंद झाल्यापासून ब्रिटनमध्ये बंदी येईपर्यंत 65 वर्षे गेली. माहितीची उणीव नव्हती आणि पर्यायाचीही नव्हती. थोडा जास्त खर्च सोसायला मालक आणि सरकार तयार नव्हते, आणि गिऱ्हाइकाने बराच काळ विचारलेच नाही.

हे वाचताना मला आपल्या घरातला सुरमा आठवतो. ईदच्या सकाळी आपण प्रेमाने मुलांच्या डोळ्यांत तो घालतो. पण बाजारातल्या पुष्कळ सुरम्यात गॅलेना, म्हणजे शिशाचे सल्फाइड असते आणि शिसे मुलांच्या मेंदूला अपाय करते. घरगुती रंगांतील शिशावर आपल्या देशात 2016 च्या नियमांनी दहा लाखात 90 भागांची मर्यादा घातली. भिंतीसाठी आपण हे मागून घेतले, मग डोळ्यांसाठी का नाही? सुरमा घालणे ही आपली रीत आहे, त्यातले शिसे ही आपली रीत नाही. पुढच्या ईदला सुरमेदानी घेताना, यात शिसे आहे का, एवढे तरी दुकानदाराला विचारू या. त्याला सांगता आले नाही, तर त्या दिवशी न घेता परत येऊ या.