पिंपाची चव आणि मोहाची भट्टी

मंडळी, वाशिमसारख्या जिल्ह्यात व्हिस्की चाखण्यावर व्याख्यान म्हटल्यावर भुवया उंचावणारच. उंचावू द्या.

आयर्लंडची सिंगल माल्ट बहुधा आधी काही वर्षं बर्बनच्या पिंपात मुरते. मग कधीकधी तिला पोर्ट वाईनच्या रिकाम्या पिंपात ठेवतात. पोर्ट ही पोर्तुगालच्या दोरू खोऱ्यातली गोड वाईन. ती लाकडात झिरपलेली असते. मनुकांची चव आणि तांबूस छटा येते ती तिथून.

अभिरुचीवरच्या 1757 सालच्या निबंधात तत्त्वज्ञ ह्यूम 'डॉन किहोते'तली एक गोष्ट सांगतो. पिंपातली वाईन चाखून एकाला चामड्याची चव लागते, दुसऱ्याला लोखंडाची. लोक हसतात. पिंप रिकामं होतं तेव्हा तळाशी चामडी वादी बांधलेली किल्ली सापडते! म्हणजे चाखणं हे पिंपाचा इतिहास ओळखणंच झालं.

मग आपल्या मोहाचं काय? पहाटे गळालेली फुलं वेचायची, वाळवायची, सडवायची, गाळायची आणि लगेच प्यायची. पिंप नाही, मुरणं नाही. कच्ची म्हणून आपण तिला नाक मुरडतो. पण मुरायला तिला वेळ दिला कुणी? 1915 साली ब्रिटिश संसदेनं न मुरवलेली व्हिस्की विकायला बंदी केली. मुदत आधी दोन, मग तीन वर्षं. आयर्लंड तेव्हा त्याच राज्यात होतं. आणि त्याच साम्राज्यात, 1892 सालच्या मोहाच्या कायद्यानं, ठाणे-कुलाब्यात नुसती फुलं बाळगण्यावरही बंधनं आली होती. तिकडे साठवणं सक्तीचं, इकडे साठवणं संशयाचं! आपलं बाशीम वऱ्हाडात, तो कायदा इथला नव्हे. पण अबकारीचं गणित इथंही तेच होतं. परवान्याची दारू म्हणजे महसूल, घरची म्हणजे गुन्हा.

दारूनं बसलेली घरं आम्हीही पाहिली आहेत. तिची वकिली करायला आम्ही उभे नाही. प्रश्न एवढाच, की एकाच्या पेल्याला अभिरुची म्हणायचं आणि दुसऱ्याच्या पेल्याला व्यसन, हे ठरवलं कुणी? जिभेनं तर नाही.

आयरिश शेतकऱ्याची घरगुती 'पोचीन' घ्या. 1661 पासून ती बेकायदा. तीही बहुधा न मुरवताच प्यायची. लपवायची वस्तू दहा-बारा वर्षं पिंपात ठेवणार कोण? 1997 साली तिला कायद्यानं मोकळीक मिळाली, आता ती लेबल लावून दुकानात विकतात. आपल्याकडे मात्र छापा पडला की सडवा अजून जमिनीवरच ओततात.